माशाला पायरी नसते, बाई

मालतीबाई, मी आज जो कोणी आहे तो सगळ्यात जास्त तुमच्यामुळे आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणाने भांडता येईल. तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय. आणि तुमच्या नावाने इथल्या लोकांशी जे भांडण केलं, तेही तुमच्या कानावर घालायचंय.

तुम्ही गेलात त्याला महिना होत आला. इथल्या, बंगळूरच्या, मराठी मंडळाचे गणपती परवा गेले. त्याआधी मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले. तुम्ही असतात तर घड्याळाकडे बघत बसला असतात. शेवटी एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘‘बाईंचा तो आफ्रिकेतला मासा जसा उन्हाळ्यात चिखलात झोपून राहतो आणि पाऊस आला की जागा होतो, तशा बाईही कुठेतरी झोपल्या आहेत, त्या परत येतील.’’ लोकांचे डोळे भरून आले. मला मात्र राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

कारण तुम्ही झोपलेल्या नाही आहात. तुम्ही वारला आहात. चिखलातला फुप्फुसमासा जिवंत असतो. तळं आटायला लागलं की तो तोंडाने चिखल खणत खाली जातो, अंगातून चिकट द्रव सोडतो, तो वाळून त्याची पातळ पिशवी होते, आणि तोंडापाशी श्वासापुरती जागा ठेवून तो आत वेटोळं करून पडून राहतो. हृदय सावकाश चालू असतं. स्वतःचेच स्नायू जाळून तो दिवस काढतो. ती झोप म्हणजे मेहनत आहे. ‘‘त्याच्या मेहनतीला कोणी मरणाचं गोड नाव देऊ नये,’’ असं तुम्हीच वर्गात ओरडून सांगितलं होतंत. म्हणून त्या सभेत मी उठून तेवढंच बोललो आणि खाली बसलो. मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘बाईंचाच चेला.’’ मला वाटतं त्यांना ती शिवी वाटत होती.

जे तुम्हाला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की के. आर. पुरमच्या तुमच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याची एक पूर्ण भिंत एका टाकीने अडवली होती. तुमच्या कॉलेजने मत्स्यालय बंद केलं तेव्हा बाकीचे मासे कोणी ना कोणी नेले. हा एक उरला. लांबट, करडा, ईलसारखा, परांच्या जागी चार बारीक दोरे लोंबणारा. शोभेचा तर अजिबात नाही. तुम्ही त्याला घरी आणलंत आणि नाव ठेवलंत ‘चुलत’.

‘‘चुलत काय? चुलतभाऊ, चुलतकाका, काहीतरी पूर्ण म्हणा,’’ मी म्हणालो होतो.

‘‘नेमकं नातं शोधतेय. सापडलं की पूर्ण करीन.’’

त्याच्यासमोर आपण किती संध्याकाळी बसलो असू. तो तळाशी निपचित पडलेला असायचा. मग कंटाळल्यासारखा वर यायचा, तोंड पाण्याबाहेर काढायचा, हवा घ्यायचा, पुन्हा खाली. कोळंबी टाकली की चावायचा, चोथा बाहेर थुंकायचा, पुन्हा आत ओढून चावायचा. तुम्ही म्हणायचात, ‘‘याला जेवणाची घाई नाही आणि पाहुण्यांची लाज नाही. आमच्या सासरी असता तर टिकला नसता.’’

तुमच्या वर्गाबाहेरही तुम्ही याचीच गोष्ट सांगायचात. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी हे जनावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बराच काळ भांडत बसले, हा मासा की बेडकाचा भाऊबंद? खवले आहेत, कल्ले आहेत, आणि फुप्फुसंही आहेत. दोन खणांचं कपाट करून ठेवलेलं, आणि हा कुठल्याच खणात मावेना. ‘‘चूक कपाटाची होती,’’ तुम्ही म्हणायचात, ‘‘पण शिक्षा माशाला झाली. त्याला मधल्या पायरीवर उभं केलं. खाली मासे, वर बेडूक, आणि मधे हा बिचारा, एक पाय उचललेला. जणू कोट्यवधी वर्षं तो वर चढायचंच ठरवतोय!’’

मी सिरोंच्याचा. प्राणहितेच्या काठचा. माझे बाबा मासे धरायचे, आई ते बाजारात बसून विकायची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. गावच्या वाचनालयात एक मराठी साप्ताहिक यायचं, उशिरा आणि बहुतेक वेळा कोणीतरी शब्दकोडं सोडवून झाल्यावर. त्यात मी नववीत असताना तुमचा फुप्फुसमाशावरचा लेख वाचला आणि तुम्हाला पत्र पाठवलं. तुमचं उत्तर आलं तेव्हा पोस्टमनने ते अख्ख्या गल्लीत दाखवलं. बंगळूरहून एका बाईंचं, आणि तेही दोन पानी, पत्र आमच्या गल्लीत कोणाला आलं नव्हतं.

मी विचारलं होतं की आमचा मरळ मासाही वर येऊन हवा घेतो, मग तो तुमच्या माशाचा भाऊ का? तुम्ही मरळाच्या डोक्याचं चित्र काढून पाठवलंत. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला एक पोकळी, तिथे तो हवा धरतो. ते फुप्फुस नव्हे. तुम्ही लिहिलं होतंत, ‘‘दोन घरांना निळे दरवाजे आहेत म्हणून ती घरं एका कुटुंबाची होत नाहीत. नातं दरवाज्यावरून नको, पायावरून ओळखावं. बाबांना सांग एक मरळाचं डोकं उघडून दाखवायला.’’ बाबांनी दाखवलं. ती पोकळी तिथे होती. बंगळूरच्या बाईंना आमच्या माशाच्या डोक्यात काय आहे ते कळतं, याचं बाबांना फार कौतुक वाटलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की मला शिकू द्यायचं.

पुढे मी एमएस्सीला बंगळूरला आलो तेव्हा तुम्ही के. आर. पुरम स्टेशनवर उभ्या होतात. एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. तुमच्या हातात पुठ्ठा होता आणि त्यावर नावाऐवजी माशाचं चित्र. माझ्या शेजारचा प्रवासी म्हणाला, ‘‘मच्छी मार्केट का रास्ता बता रही है क्या?’’ मी त्या चित्राकडे चालत गेलो. तुम्ही माझी पेटी उचलायला वाकलात, मी ओढून घेतली, तुम्ही पुन्हा ओढलीत. आपलं पहिलं भांडण ते.

दुसरं भांडण मोठं होतं. एमएस्सी झाल्यावर मंडळाने माझा सत्कार केला. मी आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभा होतो. मनापासून म्हणालो, ‘‘बाईंनी मला चिखलातून वर काढलं.’’ टाळ्या वाजल्या. तुम्ही टाळी वाजवली नाहीत. परतताना रिक्षात बसल्या बसल्या सुरू झालात.

‘‘वर म्हणजे कुठे रे?’’

‘‘बाई, बोलायची पद्धत असते ती.’’

‘‘पद्धतच घाण आहे. म्हणजे मी वर उभी होते आणि तू खाली? मी तुला कॉलर धरून उचललं? ‘मागे’ आणि ‘वर’ हे शब्द टाकून द्यायला मला तू शिकवलंस. नववीतल्या तू. आणि आता एमएस्सी होऊन तूच पायरीवर चढून बसलास?’’

तेव्हा माझाही तोल गेला. मी म्हणालो, ‘‘माशाचं ठीक आहे बाई. माशाला पंक्तीतून कोणी उठवत नाही. माझ्या आजीला उठवलं होतं. निसर्गात पायऱ्या नाहीत हे मला मान्य. पण माणसांनी बांधल्यात, आणि त्या मी एकेक करून चढलोय. तुमच्या घरात आजोबांपासून सगळे पदवीधर. तुम्हाला पायरी दिसत नाही, कारण तुम्ही जन्मलातच वरच्या मजल्यावर.’’

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, ‘‘जगळा बेडा मेडम, जगळा बेडा.’’ भांडू नका, असं त्या बिचाऱ्याचं म्हणणं. तुम्ही त्याला कन्नडमध्ये सांगितलंत की हे भांडण नाही, अभ्यास आहे. उतरताना एवढंच म्हणालात, ‘‘विचार करते.’’

तुम्ही खरोखरच विचार करत राहिलात. मी मारतहळ्ळीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागलो, लग्न झालं, रविवारी तुमच्याकडे येत राहिलो, आणि दर काही महिन्यांनी तुम्ही मधेच म्हणायचात, ‘‘ते तुझं वरच्या मजल्याचं...’’ आणि पुन्हा थांबायचात. शेवटच्या रविवारी तुम्ही लोकरीचे गुंडे सोडवत बसला होतात, शाळांमधल्या कार्यक्रमासाठी; तिथे तुम्ही प्राण्यांची नाती धाग्यांनी जोडून दाखवायचात. मान वर न करता म्हणालात, ‘‘तुझं बरोबर आहे. पण अर्धंच.’’

‘‘आणि उरलेलं अर्धं?’’

‘‘चहा झाल्यावर सांगते.’’

चहा झाला. तुमच्या मुलीचा, रेवतीचा, परदेशातून फोन आला. तो लांबला. माझी बस होती. मी हाताने ‘पुढच्या रविवारी’ अशी खूण केली, तुम्हीही मान हलवलीत. पुढचा रविवार तुम्हाला मिळाला नाही. बाई, हे मी माफ करणार नाही. तुम्हाला नाही, कोणालाच नाही.

आता तुमच्या नावाने इथल्या लोकांशी केलेलं भांडण.

तुम्ही गेल्यावर आठवड्याभरात मंडळाचा कार्यवाह निखिल मला भेटायला आला. पुण्याचा, व्हाइटफील्डला नोकरी, मनाने चांगला मुलगा. लॅपटॉप उघडून त्याने यंदाचा गणपतीचा देखावा दाखवला. वर नाव होतं, ‘उत्क्रांतीच्या पायऱ्या : मालतीबाईंना आदरांजली’. मोठा जिना. सगळ्यात खाली मत्स्यावतार आणि शेजारी काचेत रोहू. दुसऱ्या पायरीवर चुलतची टाकी. मग कूर्म आणि बेडूक, मग सरडा, वराह, नरसिंह, असं करत करत वर सूटबूट घातलेला माणूस. आणि माणसाच्याही वर हार घातलेला तुमचा फोटो.

‘‘सर, कॉन्सेप्ट एकदम क्लिअर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘सायन्स प्लस संस्कृती. बाईंचा मासा करेक्ट मधे येतो. खाली लिहायचं, ‘मागे राहिलेला दुवा’.’’

बाई, ही चूक जगात दुसरं कोणी करू शकलं नसतं. दशावतार आणि उत्क्रांती यांची सांगड आपल्याच घरांत, आपल्याच दिवाणखान्यांत चहाबरोबर घातली जाते. आणि दरवर्षी मंडळात कोणी ना कोणी ही कल्पना काढायचा, आणि तुम्ही दरवर्षी ती हाणून पाडायचात. तुम्ही रोज देवाला फूल वाहणाऱ्या. तुमचं वाक्य ठरलेलं असायचं, ‘‘देवाला देव राहू दे आणि माशाला मासा. एकमेकांच्या साक्षीला उभं करू नका. दोघांचाही अपमान होतो.’’ आणि आता तुम्ही नाही म्हटल्यावर तीच गोष्ट तुमचा फोटो लावून, तुमचा मासा वापरून, तुमच्या नावाने उभी राहणार होती. पाच दिवस शेकडो मुलं ती बघून जाणार होती, बाई असं सांगायच्या म्हणून.

मी नाही म्हणालो. निखिल म्हणाला, ‘‘सर, पब्लिकला ते तुमचं फांद्या-बिंद्या समजत नाही. जिना समजतो.’’

‘‘पब्लिक म्हणजे कोण? मीच पब्लिक आहे. मला नववीत समजलं होतं.’’

‘‘पण जिना तयार झालाय. शिंदेअण्णांनी प्लायवुड कापलंसुद्धा.’’

शिंदेअण्णा तुम्हाला सांगायला नको. चिक्कपेटेत त्यांचं चार पिढ्यांचं कापडाचं दुकान, मंडळाचा मांडव तेच उभारतात. तुम्हाला अक्का म्हणायचे. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘अरे, अक्का गेली म्हणून आम्हाला काय वाटत नाही होय? मन लावून करतोय. तू स्वल्प अॅडजस्ट कर की. एवढी पायरी-बियरी कोण बघतंय?’’

‘‘सगळे तेवढंच बघणार आहेत, अण्णा.’’

‘‘तू शिष्य आहेस रे. घरच्या माणसांनी हो म्हटलंय.’’

मग मी रेवतीला फोन केला. तिला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की आईच्या स्मरणार्थ देखावा आहे. मी सगळं सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘दादा, आईने काय केलं असतं?’’

‘‘ओरडल्या असत्या.’’

‘‘मग ओरड.’’

मला ओरडता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. लहान गावातून आलेला माणूस मोठ्या शहरातल्या हॉलमध्ये आवाज चढवताना आधी दार कुठे आहे ते बघून ठेवतो. पण ओरडायची वेळ आलीच, आणि तीही वेगळ्याच कारणाने.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी दुपारी मी शाळेतून हॉलवर पोचलो तेव्हा जिना उभा होता, रंग ओला होता, आणि तुमच्या घरून आणलेला चुलत एका लहान टाकीत दुसऱ्या पायरीवर चढवलेला होता. अण्णांच्या माणसांनी प्रेमाने ती काठोकाठ भरली होती आणि मांजर येऊ नये म्हणून वरून जाड काच घट्ट बसवून चिकटपट्टी लावली होती. आत चुलत काचेला तोंड घासत होता, खाली जात होता, पुन्हा वर येऊन घासत होता.

मी ओरडलो, ‘‘काच काढा! तो बुडतोय!’’

सगळा हॉल हसला. अण्णा कमरेवर हात ठेवून म्हणाले, ‘‘मासा पाण्यात बुडतो होय रे? अक्काचा शिष्य म्हणून काहीही?’’

मी बूट घालूनच जिन्यावर चढलो. हो, बाई, चढलो. चिकटपट्टी ओढली, काच सरकवली, बादलीने पाणी उपसलं. चुलत वर आला, तोंड बाहेर काढलं आणि हवा घेतली. सगळ्यांनी तो आवाज ऐकला. मग आणखी एकदा घेतली, लांब. मी तेव्हा त्यांना सांगितलं की या माशाचे कल्ले त्याला पुरत नाहीत. याला हवा मिळाली नाही तर हा पाण्यात गुदमरून मरतो, आपल्यासारखा.

कोणी हसलं नाही. अण्णा जवळ आले, चष्मा वर करून टाकीत बघत राहिले.

‘‘आमच्यासारखा श्वास घेतोय की रे हा.’’

‘‘घेतोय. त्याचं फुप्फुस आणि आपलं फुप्फुस एकाच जुन्या घरातून आलंय. रोहूच्या पोटातला हवेचा फुगासुद्धा त्याच घरातला, पण रोहूची वाट लवकर वेगळी झाली. हा आपल्याबरोबर आणखी पुढपर्यंत चालत आला, मग वेगळा झाला.’’

‘‘म्हणजे हा रोहूला लांबचा आणि आम्हाला जवळचा?’’

‘‘हो.’’

‘‘मग त्याला रोहूच्या शेजारी पायरीवर कशाला बसवलाय?’’

‘‘तेच तर मी इतके दिवस सांगतोय, अण्णा!’’

निखिल मधे पडला, ‘‘पण सर, शेवटी माणूस पुढे गेलाच ना? आपला मेंदू, आपलं डीएनए...’’

‘‘डीएनएची लांबी मोजायची म्हटलीस तर या माशाचं आपल्याहून कितीतरी पट मोठं आहे. त्या हिशोबाने फोटो याचा वर लावावा लागेल.’’

अण्णा मोठ्याने हसले. मग एकदम गंभीर झाले. जिन्याकडे बघून म्हणाले, ‘‘अक्काने हे बघितलं असतं तर मला दुकानात येऊन धुतलं असतं.’’ आणि आपल्या सुताराला हाक मारली, ‘‘मंजुनाथ, पायऱ्या काढ. सगळ्या. सरी, बरं, आता काय करायचं ते तू सांग.’’

काय करायचं ते तुम्ही लोकरीच्या गुंड्यांत सांगून ठेवलं होतंत. मला फक्त ते जमिनीवर अंथरायचं होतं.

पायऱ्यांच्या फळ्या आम्ही फरशीवर आडव्या टाकल्या. त्यावर सगळे एका ओळीत, एकाच उंचीवर : रोहूची टाकी, चुलतची टाकी, बेडकाचं मॉडेल, सरडा, कावळा. आणि ओळीच्या टोकाला कोणीच नाही. तिथे अण्णांच्या सुनेने रांगोळीने पावलं काढली, गौरीची काढतात तशी. बघायला येईल त्याने त्या पावलांवर उभं राहायचं. प्रत्येकापासून एक लोकरीचा धागा मागच्या भिंतीकडे गेला. पावलांपासून लाल. कावळा आणि सरडा आधी एकमेकांना मिळाले, मग दोघे मिळून लाल धाग्याला. पुढे बेडूक मिळाला. मग चुलत. आणि तिथून बरंच मागे गेल्यावर, भिंतीच्या जवळ, रोहू.

गणपती आपल्या मखरात बसले, दरवर्षीसारखे. देव देव राहिला, मासा मासा.

तुमच्या फोटोवरून शेवटचा खटका उडाला. मी तो खाली, पावलांच्या शेजारी, पाटावर ठेवला. एक काकू म्हणाल्या, ‘‘फोटो जमिनीवर? गेलेल्या माणसाचा?’’ मी म्हणालो, ‘‘बाई या ओळीतल्याच आहेत. त्यांना वर चढवलंत तर त्या पडतील.’’ त्यांना आवडलं नाही. पण त्यांनीच दुसऱ्या दिवशी फोटोपुढे जाईची फुलं आणून ठेवली.

पाच दिवस लोक त्या पावलांवर उभे राहिले, बाई. लाल धाग्यावर बोट ठेवून मागे मागे जायचे आणि चुलतपाशी थबकायचे. एका आजोबांनी विचारलं, ‘‘म्हणजे हा आमच्या भावकीतला?’’

‘‘रोहूपेक्षा जवळचा.’’

‘‘बरं झालं आम्ही रोहूच खातो.’’

मी रोज तिथे उभा होतो, आणि रोज तुमच्या उरलेल्या अर्ध्याचा विचार करत होतो. मला वाटतं ते मला सापडलं. नसेल तर नसो, आता तुम्ही खोडून काढू शकत नाही. पायऱ्या माणसांनी बांधल्यात, हे माझं अर्धं. म्हणूनच त्या काढता येतात, हे तुमचं. मंजुनाथला एक दुपार लागली. आजीला ज्या पंक्तीतून उठवलं ती पंक्ती काढायला जास्त वेळ लागेल, पण त्यालाही हातोडी आणि ओरडणारा माणूस एवढंच लागतं. निसर्गाने बांधलेली असती तर आपण हात जोडून बसलो असतो.

पण एक गोष्ट मी अजूनही मान्य करणार नाही. तुम्ही मला काहीच दिलं नाहीत, मी माझा आलो, असं तुम्ही म्हणायचात ना? खोटं. वर उचललं नसेल, पण स्टेशनवर उभ्या होतात. पुठ्ठा घेऊन. शेजारी येऊन उभं राहणं हे उचलण्यापेक्षा मोठं असतं, आणि त्याबद्दल मी आयुष्यभर आभार मानणार. तुम्हाला आवडो वा न आवडो.

चुलत आता मारतहळ्ळीला आमच्या घरी आहे. टाकीवर काच नाही, जाळी आहे, आणि पाणी चार बोटं खाली. काल संध्याकाळी त्याला कोळंबी दिली. चावली, थुंकली, पुन्हा चावली. त्याला तुमची आठवण येते असं मी लिहिणार नाही. मला येते.

देखाव्यात टाकीच्या शेजारी माहितीचा फलक लावायचा होता. निखिलने विचारलं, ‘‘सर, काय लिहू?’’ मी त्याला रेवतीने पाठवलेली माझ्या पत्राची प्रत दिली आणि म्हणालो, मोठ्या अक्षरांत हे लाव. तेच पत्र, जे तुम्ही दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवायचात आणि मी लाजून गॅलरीत जायचो. ते मिळाल्यावर तुम्ही मला उत्तर लिहिलंत आणि साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात स्वतःच्या लेखाची दुरुस्ती छापून आणलीत. निखिलने ते वाचलं, आणि ‘मागे राहिलेला दुवा’ असं लिहिलेली पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली. या वर्षी मी गॅलरीत गेलो नाही. तिथेच उभा राहिलो.

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

तुमचा फुप्फुसमाशावरचा लेख आमच्या वाचनालयात वाचला. फार आवडला. मला मासे माहीत आहेत, कारण माझे बाबा मासे धरतात. आमच्या नदीत मरळ मासा आहे. तोही वर येऊन हवा घेतो. तर तो तुमच्या माशाचा भाऊ आहे काय? कृपया कळवावे.

दुसरी गोष्ट अशी. तुम्ही लिहिले आहे की बाकीचे प्राणी पुढे गेले आणि हा मासा मागे राहिला. आमचे सर म्हणतात की ह्या माशाच्या जुन्या भाऊबंदांचे दात आमच्या खोऱ्यातल्या लाल मातीत दगड झालेले सापडले आहेत. जे मागे राहिले ते दगड झाले. पण तुमचा मासा तर अजून पोहतो आहे, अजून जेवतो आहे. मग तो मागे कसा? तो आजचाच आहे ना?

आमच्या भागालाही पेपरात मागे राहिलेला म्हणतात. मी बाबांना विचारले. ते म्हणाले, आपण तर रोज इथेच असतो. बाई, मागे म्हणजे कुठून मोजतात? आणि मोजणारा कुठे उभा असतो?

माझी चूक असेल तर मला कळवा. तुमची असेल तर छापा.

आपला नम्र,
सुधाकर
इयत्ता नववी, सिरोंचा